मालवाहू पिकअपच्या टायरात हवा किती ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेणारी एक पिकअप आहे. जाताना हौदा भरलेला असतो आणि येताना रिकामा. दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या टायरांसाठी वेगवेगळे आकडे आहेत, टायरच्या बाजूवर तिसराच आकडा कोरलेला आहे, आणि पंक्चरवाला मात्र चारही टायरांत सरसकट ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरून मोकळा होतो. रिकामी गाडी मागून उडते, पुढचे टायर मधोमध घासले आहेत, आणि उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी असे अड्ड्यावरचे सगळे चालक सांगतात. यातले नेमके काय धरावे?

मालवाहू गाड्यांच्या टायरांशी माझा रोजचा संबंध आहे, त्यामुळे उत्तराची दिशा आधीच सांगून टाकतो. टायरवरील बहुतांश भार रबर पेलत नाही, आतील दाबलेली हवा पेलते; म्हणून हवेचा आकडा टायरकडे पाहून ठरवायचा नसतो, त्या चाकावर प्रत्यक्ष किती वजन येते हे पाहून ठरवायचा असतो. पिकअपमध्ये हे वजन पुढे आणि मागे अगदी निराळे असते, शिवाय मागचे वजन एकाच दिवसात अडीचपट होऊन पुन्हा खाली येते. चारही टायरांना एकच आकडा लावण्याची पद्धत म्हणूनच या गाडीला मुळात लागू पडत नाही.

आता ते तीन आकडे. स्टिकरवरचा आकडा गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्याच गाडीसाठी, मूळ मापाच्या टायरांसाठी आणि कागदोपत्री मंजूर वजनासाठी काढलेला असतो. बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दोन स्वतंत्र ओळी असतात, आणि आपण पाहता ती ओळ कोणती हे आधी नीट वाचावे. टायरच्या बाजूवरचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. ‘कमाल भार ११२० किलो, ४५० किलोपास्कल म्हणजे ६५ पीएसआयला’ असे तेथे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की ११२० किलो पेलायचे असतील तर या टायरला थंड अवस्थेत ६५ पीएसआय लागतील. तेवढी हवा नेहमी भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही. पंक्चरवाल्याचा ६५ हा बहुधा तिथूनच आलेला असतो. त्याला आपल्या हौद्यात काय जाणार हे ठाऊक नसते, आणि हवा कमी राहून टायर गेला तर बोल त्याच्यावर येतो. त्यामुळे तो वरच्या टोकाला भरतो. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केले असते.

टायरच्या मापानंतर ११२/११० अशी जोडी छापलेली असते, तीही वाचायला शिकावे. पहिला अंक एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असतील तेव्हासाठी असतो. ११२ म्हणजे ११२० किलो, ११० म्हणजे १०६० किलो. पुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. ‘एल’ असेल तर ताशी १२० किलोमीटर, ‘एन’ असेल तर १४०.

खरे काम भुईकाट्यावर सुरू होते. आपण नेहमी नेता तितके क्रेट भरून गाडी काट्यावर न्या आणि तीन वजने घ्या: केवळ पुढची चाके काट्यावर असताना, पूर्ण गाडी काट्यावर असताना आणि केवळ मागची चाके काट्यावर असताना. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत असली पाहिजे, अन्यथा वजन एका आसाकडे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीकडे, सरकते. हीच तीन वजने एकदा रिकाम्या गाडीचीही घ्या. काट्याची पावती गाडीच्या कागदांत ठेवण्याइतकी मोलाची असते, कारण हंगामभर पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच चालतो.

समजा, चालकासह रिकामी गाडी पुढे १०२० आणि मागे ७६० किलो भरली, आणि १३०० किलो माल चढवल्यावर पुढे ११०० आणि मागे १९८० झाली. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तरी पिकअपचा स्वभाव त्यांतून दिसतो. तेराशे किलोंपैकी पुढच्या आसावर जेमतेम ऐंशी किलो गेले आणि बाकीचे सगळे मागे बसले. मागच्या प्रत्येक टायरवर सरासरी ९९० किलो आले. परंतु क्रेट कधीच दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे बसत नाहीत आणि रस्त्याचा उतारही एका कडेला असतो, त्यामुळे जड बाजूसाठी १०३० किलो धरणे शहाणपणाचे आहे. वरील ११२० किलो क्षमतेच्या टायरला एवढ्या भारासाठी साधारण ५८ ते ६० पीएसआय लागतात. पुढच्या टायरवर मात्र ५५० किलोच आहेत, आणि त्याला ६५ पीएसआय म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक हवा. असा टायर मधोमध फुगतो, रस्त्याला फक्त मधली पट्टी टेकते, आणि नक्षी नेमकी तेथेच झिजते. आपल्या पुढच्या टायरांचे कोडे येथेच सुटते. त्यांना स्टिकरवरचाच आकडा द्या, आणि गाडी भरलेली असो वा रिकामी, तो सहसा बदलू नका.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. असाच हिशेब रिकाम्या मागच्या टायरसाठी केला तर ३८० किलोंना पंधरा पीएसआयच्याही आत काहीतरी उत्तर येईल, आणि ते पूर्णपणे निरुपयोगी आहे. इतक्या कमी हवेत वळणावर टायर डिस्कवर (टायर ज्यावर चढवतात त्या चाकाच्या रिमवर) पक्का बसून राहत नाही, खड्ड्यात डिस्कची कड वाकते आणि गाडी डोलू लागते. टायर कंपन्यांचे भार-दाब तक्ते म्हणूनच एका ठरावीक आकड्याच्या खाली जातच नाहीत. भरलेल्या गाडीसाठी वजन मोजून हिशेब करावा. रिकाम्या गाडीसाठी मात्र गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा हाच तळ मानावा आणि त्याखाली उतरू नये. भरलेल्या गाडीचा हिशेबसुद्धा स्टिकरपेक्षा कमी आला, तर स्टिकरच पाळावा.

भार आणि दाब यांचे प्रमाण सरळ नसते, हेही ध्यानात ठेवायला हवे. अमेरिकेतील पिकअप गाड्यांवर सर्रास दिसणारा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचा) २४५/७५ आर १६ हा टायर घ्या. तेथील तक्त्यात त्याची क्षमता ५० पीएसआयला १००० किलो, ६५ ला सुमारे ११९० आणि ८० ला सुमारे १३८० किलो दिलेली असते. म्हणजे हवा साठ टक्के वाढवली तरी क्षमता अडतीस टक्क्यांनीच वाढली. याच मापाचा टायर ६ पीआर, ८ पीआर आणि १० पीआर (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीची श्रेणी) अशा तीन प्रकारांत येतो, आणि ५०, ६५, ८० ही अनुक्रमे त्या तिघांची कमाल मर्यादा आहे. यातून बाजारातला एक जुना गैरसमज दूर व्हावा. जास्त पीआरचा टायर त्याच हवेत जास्त वजन उचलत नाही; त्यात जास्त हवा भरता येते, आणि ती भरली तरच तो जास्त उचलतो. ८ पीआर काढून १० किंवा १२ पीआरचे टायर बसवायचे आणि हवा जुनीच ठेवायची, यात पैसे जास्त जातात आणि हाती काहीच लागत नाही. उलट हवा वाढवायची तर डिस्क तेवढा दाब सोसते का, हेही आधी विचारून घ्यावे लागते.

मात्र हवा वाढवून मंजूर वजनापलीकडे जाण्याची सोय कोणत्याही टायरमध्ये नाही. टोमॅटोच्या भरलेल्या क्रेटचे वजन क्रेट धरून बावीस किलोंच्या आसपास जाते. हौद्याच्या वर चार-चार थर चढवून १२० क्रेट लावले की २६०० किलोंच्या पुढे गेलो. टायरच्या बाजूवरचा कमाल आकडा भरल्यावर टायरची ताकद तेथेच संपते, आणि कमानी, धुरा व ब्रेक यांची तर त्याआधीच संपलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, तो निराळाच.

आतापर्यंतचे सर्व आकडे थंड टायरचे आहेत. थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चालली आहे असा टायर. ६० पीएसआयच्या आसपास दर १० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच पीएसआय हलतात. जुन्नर तालुक्यात थंडीच्या दिवसांत पहाटे १० अंश आणि दुपारी ३० अंश असले, तर पहाटे ६० दाखवणारा टायर उभ्या गाडीतच दुपारी ६५ दाखवेल. म्हणून हवा कोणत्या वेळी मोजली हे आकड्याबरोबर लक्षात ठेवावे, आणि शक्यतो गाडी ज्या वेळी निघते त्याच वेळी, माल भरण्यापूर्वी मोजावी. माल चढल्याने गेजवरचा काटा फारसा हलत नाही. टायर मात्र खाली बसल्यासारखा दिसतो. रेडियल टायरची बाजू योग्य हवेतही थोडी फुगलेलीच दिसते, आणि तेवढे पाहून हवा मारत सुटणे चूक आहे.

आता उन्हाळा. उन्हाने हवा वाढून टायर फुटतो, म्हणून आधीच पाच-सात पीएसआय कमी ठेवावी, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे, आणि माझ्या मते या गाड्यांच्या टायरांचे सर्वांत मोठे नुकसान तोच करतो. प्रत्यक्षात धोक्याची उष्णता ऊन तयार करत नाही. टायरची बाजू तयार करते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा सरळ होतो. हवा कमी असली की हे दबणे खोल होते, रबर आणि आतील थर एकमेकांवर घासून तापतात, थरांमधली पकड सुटते, आणि मग एखाद्या सपाट, गुळगुळीत रस्त्यावर टायर फुटतो. लोक म्हणतात हवा जास्त झाली होती. फुटलेल्या टायरच्या आत हात घाला: बाजूच्या आतल्या अंगाला काळी भुकटी आणि चुरगळल्यासारख्या रेषांचे कडे दिसले, तर तो टायर बराच काळ कमी हवेवर किंवा जादा वजनाखाली चालला होता असे खुशाल समजावे. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सलग काँक्रीट रस्त्यावर ही गोष्ट अधिक कडक होते, कारण तेथे गाव, सिग्नल किंवा घाट आडवा येत नाही आणि टायरला निवण्याची उसंतच मिळत नाही. नागपूरकडे माल नेणाऱ्यांनी दीड-दोन तासांनी थांबावे, पण हवा कमी करू नये.

तापलेल्या टायरची हवा सोडण्याचा परिणाम आकड्यांत पाहू. नारायणगावात २५ अंशांना ६० भरलेला टायर माळशेज उतरून कल्याणपर्यंत ६० अंशांवर गेला, तर गेज ६९ दाखवेल. यात काहीच बिघडलेले नाही. थंड दाब ठरवतानाच ही वाढ गृहीत धरलेली असते, आणि बाजूवरचा ६५ हा आकडाही थंड टायरचाच आहे. आता कोणी घाबरून ६९ चे ६० केले, तर टायर निवल्यावर आत सुमारे ५२ उरतील, आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर पुन्हा हजार किलो घेऊन आठ पीएसआय कमी हवेवर निघेल. तो अधिक तापेल, गेज पुन्हा जास्त दाखवेल, आणि पुन्हा कोणीतरी हवा सोडेल. हे चक्र मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. थंड आकड्यावर १५ टक्क्यांपर्यंतची वाढ मी स्वाभाविक मानतो. २० टक्क्यांच्या पुढे गेली तर हवा कमी आहे, वजन जास्त आहे किंवा वेग जास्त आहे. चारांपैकी एकच चाक इतरांपेक्षा तापले असेल, तर टायर सोडून ब्रेककडे पाहावे; घाट उतरल्यावर ब्रेकचा शू सुटत नसला की ब्रेकचा ड्रम तापतो, ड्रमची उष्णता डिस्कला आणि डिस्कची आतल्या हवेला लागते. वाटेत तापलेल्या टायरमध्ये हवा भरणे भागच पडले, तर त्याच आसावरच्या दुसऱ्या चांगल्या टायरचा त्या वेळचा आकडा पाहून तितकी भरावी आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा मोजावी.

राहिला परतीचा प्रश्न. रिकाम्या हौद्याखाली ६० पीएसआयचे मागचे टायर रस्त्याला अगदी थोडे टेकतात, कमानी टनभर मालासाठी घडवलेल्या असल्यामुळे हलत नाहीत, आणि मागचा भाग प्रत्येक जोडावर उसळतो. सरळ नियम पाहिला तर वाशीत माल उतरवल्यावर हवा सोडावी आणि गावी येऊन पुन्हा भरावी. रोज असे कोणी करत नाही, आणि मी तसा आग्रहही धरणार नाही, कारण हवा सोडणे दोन मिनिटांचे काम असते पण संध्याकाळी घाईत भरणे राहून जाते, आणि भरलेली गाडी कमी हवेवर निघणे हे रिकामी गाडी उसळण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. एकाच दिवसात जाऊन येणाऱ्या गाडीला भरलेल्या वजनाची हवा कायम ठेवावी आणि परतीचा वेग आवरावा. पावसाळ्यात माळशेज चढताना हे विशेष पाळावे. मागची चाके गाडी ढकलतात आणि त्यांच्यावरच वजन नसते, त्यामुळे ओल्या वळणावर ब्रेक जोरात दाबला की मागचा भाग बाजूला सरकतो. हंगाम संपून गाडी काही आठवडे हलक्याच कामाला लागणार असेल, तेव्हा मात्र मागची हवा स्टिकरच्या रिकाम्या ओळीवर न चुकता आणावी. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्या जे कुटुंबासाठी वापरतात आणि हौद्यात क्वचितच काही ठेवतात, त्यांनी तर बारा महिने रिकाम्या ओळीवरच राहावे आणि माल घ्यायचा असेल त्या दिवशी वाढवावी.

माल कुठे ठेवला यानेही हिशेब बदलतो. जड क्रेट मागच्या फाळक्याशी रचले आणि केबिनमागे जागा रिकामी सोडली, तर मागच्या आसापलीकडचे वजन पुढचा भाग उचलून धरते. मागच्या टायरवर चढवलेल्या मालापेक्षाही जास्त भार येतो आणि स्टिअरिंग हलके लागते. हे हवेने दुरुस्त होत नाही. रचना केबिनकडून सुरू करावी.

मोजण्याच्या साधनाविषयी. टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखण्याची रीत अजून चालू आहे, आणि बसलेला टायर त्याने नक्की कळतो. पण ४५ आणि ६० मधला फरक कोणत्याही कानाला कळत नाही, आणि जाड बाजूचा एलटी टायर ३५ वर असतानाही हाताला कडकच लागतो. दुकानातील गेज आपटून आपटून चार-पाच पीएसआय चुकीचा झालेला असतो. स्वतःचा १०० पीएसआयपर्यंतचा काट्याचा गेज गाडीत ठेवावा आणि दर वेळी त्याच गेजने मोजावे. पेट्रोल पंपावरच्या लहान कॉम्प्रेसरच्या टाकीत पुष्कळदा साठचा दाबच नसतो. अशा वेळी नळी लावून कितीही वेळ उभे राहिले तरी टायरमध्ये काही जात नाही. नायट्रोजनसाठी मी पैसे खर्च करणार नाही. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो.

हवा ठरवल्यानंतर दोन-तीन हजार किलोमीटरांनी नक्षी पाहावी. मध्यभाग झिजत असेल तर दोन-तीन पीएसआय कमी करता येतात, मात्र भाराच्या हिशेबाखाली किंवा स्टिकरखाली न जाता. दोन्ही कडा झिजत असतील तर हवा वाढवावी. एकच कड झिजत असेल तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट किंवा पुढचे सांधे तपासावेत. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट लावावे. बुडबुडा आला तर पिन बदलावी आणि टोपण घट्ट बसवावे, कारण टोपण नसले की धूळ आत जाऊन पिन गळू लागते. स्टेपनीत मात्र मागच्या भरलेल्या टायरचाच आकडा ठेवावा. ती पुढे लावावी लागली तर तेथल्या तेथे हवा सोडता येते. मागे लावावी लागली आणि आत तीसच पीएसआय निघाले, तर रात्री दोन वाजता माळशेजमध्ये भरायला कॉम्प्रेसर नसतो.